दगड आणायला गेलेलं यान

जपानचं यान लघुग्रहावर उतरलं त्या दिवशी आमच्या घरी सणच होता. हे जयपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. तिथली चिमूटभर माती घेऊन यान पृथ्वीवर परत येणार, म्हणून माझ्याकडून शिरा करून घेतला. "अहो, आपल्या मुरलीपुऱ्याच्या रस्त्यावर ढिगाने खडी पडलीय, तेवढ्यासाठी इतकं लांब कशाला जायचं?" मी म्हटलं. झालं! जेवण होईस्तोवर मला सूर्यमालेचा जन्म ऐकवला.

पुढे यानाशी संपर्क तुटला, आणि थोड्याच दिवसांत यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अखंड बोलणारा माणूस नुसता छताकडे बघत पडलेला.

घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मुलगा परदेशातून फोनवर "मम्मी, टेन्शन मत लो" म्हणायचा. शेजारच्या भाभीजी जीव लावणाऱ्या, पण मेलं मला हिंदीत रडताच येईना. दिवसभर स्वतःशी बडबडायचे. आपल्या भाषेत कुणी नुसतं "गप गं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. सांगलीची बहीण म्हणायची, "चार दिवस ये, मोकळी हो." जीव तिकडे नुसता ओढ घ्यायचा.

मग यांच्या एका सहकाऱ्याने बातमी आणली, यान सापडलं म्हणून. पण यानाला धड बोलता येत नव्हतं. शास्त्रज्ञ इथून प्रश्न विचारत आणि ते खुणेने नुसतं हो किंवा नाही कळवी. सहकारी गेल्यावर मी तडक यांचा डावा हात धरला. "अहो, ऐका. हो असेल तर माझा हात एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा."

चहा हवा? एकदा. खिडकी उघडू? एकदा. त्या दिवशी मी आनंदाने वेडी झाले. उशी सरळ करू? एकदा. पंखा लावू? भर थंडीत, तरी एकदाच! यांना कळत होतं, की बोटं आपली आपोआप मिटत होती? मला 'नाही' हवं होतं. लग्नापासून माझ्या प्रत्येक बोलण्याला फाटे फोडणाऱ्या माणसाकडून एक 'नाही'.

शेवटी एका दुपारी विचारलं, "मी सांगलीला जाऊ?" मी दोन दिवस माहेरी गेले तरी तोंड फुगवून बसणारा हा माणूस. नाहीच म्हणणार, मला खात्री होती.

एकदाच दाबलं.

म्हणजे काहीच कळत नव्हतं. इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते. संताप आला, रडू आलं. "बरं, जाते! आणि तिकडेच राहते, परत येतच नाही. चालेल?"

एकदा दाबलं. मी हात सोडवून घेणार, तेवढ्यात दुसऱ्यांदा दाबलं.