आईचं 'बास'

राधानगरीहून नोकरीसाठी निघालो, तेव्हा आईनं एसटीच्या खिडकीतून लोण्याचा डबा आत सारला आणि ओरडून सांगितलं, "पोट मारू नगंस! खायला लाजायचं न्हाय!" अख्ख्या गाडीनं ऐकलं. मी तिचा शब्द पाळला. जरा जास्तच पाळला.

कागल एमआयडीसीत मशीनवर लागलो, खोली कोल्हापुरात घेतली. गावी भातलावणीत चार भाकऱ्या कुठं जिरायच्या कळायचं नाही. इथं दिवसभर मशीनसमोर उभं राहायचं, भूक मात्र चिखल तुडवणाऱ्याची. शिफ्ट सुटली की कट वडा, ओव्हरटाइमला कँटीनची भजी, सुट्टीला तांबडा-पांढरा रस्सा. दहा वर्षांत असा सुटलो की गावी गेल्यावर लोक म्हणायचे, "पावणं, कोल्हापूर मानवलं की!" मी हसायचो. पण जेवून हात धुतला तरी भूक तशीच असायची, आणि आपण हावरट आहोत हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

साखर वाढली, तेव्हा डॉक्टरबाईंपुढं हे एकदाचं बोललो. त्या म्हणाल्या, अंगातली चरबी मेंदूला निरोप देत असते, आता पुरे म्हणून. वर्षानुवर्षं तेलकट-गोड खाऊन वजन वाढलं की मेंदू त्या निरोपाला नीट दाद देत नाही. तुमची भूक खरी आहे, त्याची लाज नको. पण आता मापानंच जेवायचं. तिथंच माझे डोळे भरून आले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गणपतीला गावी गेलो. आईला म्हणालो, "मला पोट भरल्यालं कळत न्हाय. आता तूच सांग की." आमच्याकडं पुरे म्हणून ताटावर आडवा हात जेवणारा धरतो, आणि वाढणारी तरीही त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडते. आईनं जन्मात कुणाला पुरे म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी दुसरा मोदक संपवून मी तिसऱ्याकडं बघितलं, तर तिनं माझ्या ताटावर स्वतःचाच हात आडवा धरला.

"बास, लेकरा."

एवढं बोलून पदर डोळ्यांना लावत ती आत गेली.

भूक अजून लागते. वजन हळूहळू उतरतंय. माझ्यासारखे घर सोडून आलेले कितीतरी आहेत, त्यांना एवढंच सांगतो: वाढणारे हात कुठल्याही हॉटेलात मिळतात. मला वाढायचं थांबवताना जिला रडू आलं, ती जिथं आहे ते माझं घर.