बधिर खांदा

माझा हात लुळा पडला तेव्हा मुकादमानं मला कामचोर म्हटलं. इतकी वर्षं झाली, तो शब्द आठवला की अजून डोकं फिरतं.

भिलाईत तेव्हा भट्टी उभी राहत होती आणि मी खलाशी, म्हणजे उंचावर लोखंड चढवणारा. परांचीवरून पाय सटकला, उजव्या हातानं दोर धरून लोंबकळलो आणि खांदा निखळला. टोळीतले आम्ही सगळे भंडाऱ्याकडचे. गावच्या आखाड्यात बसवतात तसाच त्यांनी तो बसवला. काखेत टाच रोवली आणि मनगट धरून हिसडा दिला. हाड खटकन बसलं. सगळे खूश. पण हात काही बाजूला उचलेना.

"हड्डी बैठ गई, अब काहे का नाटक?" मुकादम म्हणाला. सूज नाही, रक्त नाही, मग दुखणं कुठलं! स्वतः जन्मात परांचीवर पाय न ठेवलेला माणूस मला वर धाडायला निघाला होता.

आमच्या वस्तीत घरोघरी भट्टीच्या विटेचा तुकडा असे. चुलीत तापवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि शेकायचं. बायको माझा खांदा शेकत होती.

"चटका तं नाही लागत?"

"मले गरमच नाही लागून राहिलं. दाबून धर."

मग जळका वास आला. फडकं काढलं तर कातडी सुटून आली होती आणि मला पत्ताच नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं जखमेच्या कडेनं सुई टोचून पाहिली. खांद्याच्या बाहेरच्या अंगाला काहीच कळेना. तो म्हणाला, काखेतून एक नस निघते, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खांद्याच्या स्नायूत जाते. खांदा निखळला की ती ताणते, ओढाताण केली की आणखी. हाड जागेवर आलं म्हणून नस बरी होत नाही. महिने लागतील, कदाचित होणारही नाही. तोवर वर चढायचं नाही.

मुकादमानं यातलं काही ऐकून घेतलं नाही. पट्टी पाहिली मात्र, लगेच मला खाली सामानावर बसवलं. मेलेला हात दिसला नाही त्याला, भाजलेली कातडी दिसली!

जखम भरली. हात तसाच. "ठीक हो गया ना? कल से ऊपर."

घरी येऊन मी रागारागानं सगळं सांगितलं. बायकोनं जुनं धोतर फाडलं.

"बांधून जा. त्याले तेवढंच दिसते."

त्यानंतर रोज सकाळी ती माझ्या धडधाकट कातडीवर पट्टी बांधायची, आणि मी दात खाऊन म्हणायचो, अजून आवळ.