न खेळलेली फायनल

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या सुमंतराव इंगवल्यांना कुणी दोन आणि दोन किती असं विचारलं, तर ते आधी विचारतील, 'कुठल्या तापमानाला?' असं त्यांच्या ऑफिसातली मंडळी म्हणायची. ही आपली चेष्टा आहे हे कळायला सुमंतरावांना बरीच वर्षं लागली. उभा जन्म तेलाच्या पाइपलाइनी तपासण्यात गेलेला. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारायचा नाही असा जणू नियमच होता, आणि वसुधाताई तो नियम दिवसातून चारदा मोडत. अशा काटेकोर माणसाच्या हातून सत्तरी उलटल्यावर एक खोटं घडावं, आणि तेही तोंड न उघडता घडावं, ही गंमतच म्हणायची.

त्याचं असं झालं. टेक्सासच्या उन्हाळ्यात फिरायचं तर सूर्य डोक्यावर यायच्या आत फिरावं लागतं. सुमंतराव रोज सकाळी घराजवळच्या पार्कातल्या तळ्याला फेऱ्या मारत. त्या शनिवारी तळ्यावर धुकं साचलं होतं. पलीकडचं मैदान दिसत नव्हतं, नुसते पळण्याचे आवाज येत होते. आणि त्या धुक्यातून अचानक कुणीतरी ओरडलं, "मार की भावा, बघतोस काय!"

सुमंतरावांचे पाय जागच्या जागी थांबले. अमेरिकेत मराठी कानावर पडणं काही नवं नव्हतं, पण हा हेल खास कोल्हापूरचा होता. तो ऐकला आणि आपण कुठल्या देशात उभे आहोत हे त्यांना क्षणभर सांगता आलं नसतं. ते आवाजाच्या रोखानं चालत गेले आणि गोलपोस्टच्या मागं जाऊन उभे राहिले. आठ-दहा तरुण खेळत होते, त्यांत एक मुलगीही होती. खेळ संपल्यावर सगळे एका गाडीच्या उघड्या डिकीपाशी जमले, थर्मासमधला चहा निघाला आणि वाद सुरू झाला.

वाद होता पिंपळकट्टा तालमीचा. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेपेठेतल्या तालमीचा आपला फुटबॉलचा संघ असतो, आणि त्याच्यापायी सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. तर ह्या तालमीची आजवरची सगळ्यात भारी स्ट्रायकर जोडी कोणती, ह्यावर सातासमुद्रापार, एका टोयोटाच्या डिकीशी, लोक हमरीतुमरीवर आले होते. आश्लेषा नावाची ती मुलगी ओंकार आणि घानाहून आणलेला सॅम्युअल ह्या अलीकडच्या जोडीसाठी भांडत होती. तिच्याकडे गोलांचे आकडे होते. दुसरा कुणी नव्वदच्या दशकातल्या पाटील बंधूंचं नाव घेत होता. आणि परीक्षित नावाचा एक उंच मुलगा, एका एनर्जी कंपनीत नुकताच लागलेला, सगळ्यांना हातानं गप्प करत होता.

"आकडे नको सांगू यार," तो म्हणाला. "प्रताप-सुमंतसारखी जोडी झाली नाही. माझ्या बाबांनी अगदी लहानपणी पाहिलीय ती फायनल, आणि प्रतापकाका अजून कट्ट्यावर सांगतात."

आणि त्यानं ती फायनल सांगितली. मध्यंतराला पिंपळकट्टा एका गोलनं मागं. मग प्रतापनं बरोबरी केली. आणि अगदी शेवटी प्रतापनं उजव्या बगलेवरून, मान वर न करता, चेंडू आडवा डावीकडं सोडला. तिथं सुमंत होताच. कसा होता, कधी आला, कुणाला कळलं नाही. डाव्या पायानं त्यानं तो लांबच्या कोपऱ्यात मारला आणि गोलकीपर हललासुद्धा नाही.

सुमंतराव दोन पावलं पुढं झाले आणि म्हणाले, "मी सुमंत. सुमंत इंगवले." पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं: पण त्या मॅचला मी नव्हतो. ते बाहेर पडायच्या आत परीक्षित खाली वाकून त्यांच्या पाया पडला. मागोमाग दुसरा वाकला. आश्लेषानं स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. आणि ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

खरं असं होतं की प्रताप आणि सुमंत दोन मोसम तालमीकडून जोडीनं खेळले होते. प्रताप उजवीकडं, सुमंत डावीकडं. जोडी चांगलीच होती, पण फायनल दोन आठवड्यांवर आली असताना सुमंतला ओक्लाहोमाच्या विद्यापीठात जावं लागलं. तालीम जिंकली एवढं कुणाच्या तरी पत्रातून कळलं. कशी जिंकली हे त्यांनी कधी विचारलं नाही, कारण विचारायची लाज वाटत होती. ऐन वेळी पाठ फिरवलेल्या माणसाला पेठेत काय काय शिव्या पडल्या असतील, ह्याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. मग आईवडील भावाकडे पुण्याला राहायला गेले, कोल्हापूरला जायचं कारण उरलं नाही, आणि प्रतापशी बोलायची आधी लाज वाटायची, नंतर न बोलण्याचीच सवय झाली. आपलं नाव तिथं कधीच पुसलं गेलं असेल असं ते धरून चालले होते.

आणि इथं तर ते नाव पोरांच्या तोंडी होतं.

पुढच्या शनिवारी खरं सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या शनिवारी त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणलेली होती. तिच्यावर बसून माणूस काय सांगणार? मग त्याच्या पुढच्या शनिवारी. असं करत करत जुलै उजाडला. आणि दरम्यान एक भलतीच गोष्ट घडू लागली. दुपारी जेवून सुमंतराव रिक्लायनरवर आडवे झाले, एसीची घरघर सुरू झाली की ती फायनल त्यांना दिसायला लागे. आधी स्वप्नात, मग अर्धवट जागेपणी. पायाखालची तापलेली तांबडी माती, भिंतीवर पाय सोडून बसलेली माणसं, कुणीतरी फोडलेले फटाके, आणि उजवीकडून सरपटत येणारा चेंडू. तो येताना इतका सावकाश येई की त्याची शिवण दिसे. एकदा जाग आली तर डाव्या पोटरीत गोळा आला होता.

"कशानं हो दुखतंय?" वसुधाताईंनी तेल चोळताना विचारलं.

"गोल मारला," सुमंतराव म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आलं. त्यांनी सगळं बायकोला सांगितलं.

वसुधाताई नागपूरच्या. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं बरंच कळत होतं. त्यांनी विचारलं, एवढंच आहे तर सांगून का टाकत नाही. मुलं काही खाणार नाहीत.

"मला हसतील त्याचं काही नाही गं," सुमंतराव म्हणाले. "पण मी खरं बोललो की प्रताप खोटा ठरतो. पोरं तर म्हणतात, ही गोष्ट तोच सांगत आलाय. का सांगतो ते मला माहीत नाही. आणि गप्प राहिलो तर कुणाचा तरी गोल मी लाटतोय. माझ्या जागी कुणीतरी खेळला असेलच ना?"

वसुधाताईंनी तेलाची बाटली बंद केली आणि म्हणाल्या, तो गोल मारणारा बिचारा कुठं असेल कोण जाणे. सुमंतरावांची त्या रात्रीची झोप उडाली.

इकडे आड तिकडे विहीर असं चाललेलं असतानाच परीक्षितनं बातमी आणली. येत्या शनिवारी त्याचे बाबा तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे इथल्या सकाळी, तालमीच्या कट्ट्यावर जाणार होते, तिथं रोज बसणाऱ्या प्रतापकाकांना व्हिडिओ कॉलवर घेणार होते. जोडी पुन्हा एकत्र! दुसरा गोल दोघांच्या तोंडून ऐकायचा आणि वादाचा निकाल एकदाचा लावून टाकायचा. सुमंतरावांनी मान डोलावली. घरी जाताना ते नेहमीचं वळण चुकले.

शनिवार आला. हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती. मुलांनी आइसबॉक्सवर टॅब्लेट उभा केला, सगळे गवतावर गोल करून बसले, आणि पडद्यावर एक चेहरा आला. पांढऱ्या मिशा, पुढचे दोन दात गेलेले, मागं कट्ट्यावरचा पिवळा दिवा. सुमंतरावांनी त्या चेहऱ्यात विशीतला प्रताप शोधला, आणि तो डोळ्यांत लगेच सापडला.

"काय सुम्या," प्रताप म्हणाला. जणू कालच भेटले होते.

परीक्षितनं आग्रह धरला, काका, सांगा ना, तो दुसरा गोल. सगळ्यांचे फोन रेकॉर्डिंगला लागले. तेव्हा सुमंतराव खुर्चीतून उठून उभे राहिले, ऑफिसात चूक कबूल करताना उभे राहायचे तसे.

"एक मिनिट. मला आधीच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तो गोल मी मारलेला नाही. त्या मॅचला मी नव्हतोच. मी इकडे आलो होतो."

परीक्षितचा चेहरा पडला. सुमंतरावांनी पडद्याकडे पाहण्याचं टाळलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी मित्र भेटला आणि पहिल्याच वाक्यात आपण त्याला चारचौघांत खोटा पाडला, हे त्यांना सोसवत नव्हतं.

मग टॅब्लेटमधून हसण्याचा आवाज आला. खोकल्यासारखा, दातांच्या फटीतून येणारा.

"ऐकलंसा?" प्रताप मुलांना म्हणाला. "आसंच हुतं हे पहिल्यापास्नं. गोल ह्यानं मारायचा आन् बोट माझ्याकडं दावायचं. म्हातारा झाला तरी खोड जाईना."

सगळे एकदम टाळ्या पिटायला लागले. परीक्षितच्या डोळ्यांत पाणी होतं. सुमंतराव हात वर करून सांगत होते, अरे, खरंच, माझा पासपोर्ट दाखवतो. जितकं सांगत तितक्या टाळ्या वाढत. आश्लेषा पाय पसरून बसली आणि म्हणाली, "ओके, आय गिव्ह अप. आमचे ओंकार आणि सॅम्युअल पेनल्टी कोणी मारायची ह्यावरून भर मॅचमध्ये भांडले होते. हे दोघं इतक्या वर्षांनी एकमेकांना गोल देतायत." वादाचा निकाल लागला. जन्मभर ज्यांच्या शब्दावर लाखो डॉलरच्या पाइपलाइनी चालू-बंद झाल्या, त्या सुमंतरावांचं हे एकच खरं कुणी मानलं नाही.

मुलं पुन्हा खेळायला गेली. सुमंतरावांनी टॅब्लेट उचलला आणि तळ्याकाठी चालत गेले. तिथं कुणी नव्हतं. त्यांची जीभ आपोआप जुन्या वळणावर गेली.

"परत्या, खरं सांग. कोण हुतं माझ्या जागी? कुणाचा गोल मला दिलास?"

"कुणाचा न्हाई," प्रताप म्हणाला. "दोन्ही मीच मारलं."

सुमंतरावांनी विचारलं, असं का केलंस? लोक विसरून गेले असते मला. स्वतःचा गोल कुणी दुसऱ्याच्या नावावर करतं का?

प्रतापनं मिशीवरून हात फिरवला.

"दुसरा गोल झाला," तो म्हणाला, "आन् मी पळालो. डावीकडं. दोन्ही हात पसरून, निम्म्या मैदानातनं, नेहमीसारखा. तुला मिठी मारायला. थितं पोचलो तर कोण न्हाई. निस्ता कॉर्नरचा झेंडा. आख्खं स्टेडियम हसलं मला. भाईर आल्यावर पोरांनी इचारलं, कुणाकडं पळत हुतास रं? काय सांगू? म्हटलं, सुम्याकडं. गोल त्यानं मारला न्हवं का. ते हसले. मग दरवेळी तेच सांगत गेलो. हसणारे एकेक करून गेले. पोरांना खरं वाटाय लागलं. आता मलाबी तसंच दिसतंय."

सुमंतराव रडले. आवाज न करता, पण चांगले रडले, आणि डोळे पुसायची घाई केली नाही. इतकी वर्षं त्यांनी धरून ठेवलं होतं की आपण तिथून निघून आलो. तिथं मात्र एक माणूस रोज संध्याकाळी त्यांना मैदानात उतरवत होता. पलीकडं कुणीतरी प्रतापच्या हातात चहाचा ग्लास दिला, तो त्यानं तसाच धरून ठेवला.

तळ्यावर ऊन चढत होतं आणि पाण्याची वाफ होत होती. मागून मुलांच्या ओरडण्याचे आवाज येत होते, कुठल्या गावचे ते कळू नये असे. सुमंतराव बाकावर बसले आणि टॅब्लेट मांडीवर घेतला.

"मी कुठनं मारला रं तो?" त्यांनी विचारलं.

"आरं, अठरा यार्डाच्या बाहेरनं," प्रताप म्हणाला.

"अंदाजे?"

"अंदाजेच की, मर्दा. टेप घिऊन कोण गेलतं? ऐक. मी उजव्या बगलेला हुतो. दोघं अंगावर आलेले. मी बघितलंबी न्हाई तुझ्याकडं..."

सुमंतरावांनी डोळे मिटले, आणि प्रताप सांगत गेला तसे ते डावीकडून धावत सुटले.