तिसऱ्यांच्या खाडीवर, जनसुनावणीच्या दिवशी

सुलूमावशीच्या गावी खाण वाढवण्यावर जनसुनावणी होती. समीर म्हणाला, "ताई, मी चाललोय. तू पण चल." समीर माझा मावसभाऊ, या मावशीचाच मुलगा. चाकणला कंत्राटी कामगार, राहायला आमच्या चिखलीतच, एका खोलीत पाच जण. खाणीच्या विरोधात आईला साथ द्यायला चाललाय, असं मी धरून चालले. विचारलं नाही.

निगडीहून संध्याकाळी सावंतवाडीची खासगी बस मिळते. गर्दीचे दिवस सोडले तर तिकीट हजाराच्या आतबाहेर. आंबोली घाटात मळमळत असेल तर पुढची सीट घ्या. मी घेतली, गोळीही खाल्ली, तरी पिशवी हातात धरूनच बसले. सकाळी स्टँडवर उसळपाव खाऊन एसटीने खाडीकाठी उतरलो.

शाळेत जायच्या आधी मला वाचायला शिकवलं ते सुलूमावशीने, आमच्या घरी. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लग्न होऊन ती इथे आली आणि खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला शिकली. ओहोटीला मी तिच्यामागे चिखलात उतरले. (गेलात तर ओहोटीची वेळ आधी विचारा, चपला काठावरच ठेवा.) कांदळवनाच्या अलीकडे करडा चिखल, हात घातला की तिसऱ्या मुठीत येत. पलीकडे, वहाळ, म्हणजे ओढा, खाडीला मिळतो तिथे, खाणीची लाल माती बसलेली. तिथले शिंपले उघडे, आत नुसता गाळ. मी एकामागून एक उचलत राहिले. एक तरी जिवंत असेल असं वाटत होतं.

"पुरे गो," मावशी म्हणाली. "ह्यां आत्ताच्या खाणीचां. आता ती वाढवतले म्हणतत."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव होता, समोर सुनावणी घ्यायला आलेले साहेब. समीरचं नाव पुकारलं, तो माईकपाशी गेला. मी टाळ्यांसाठी हात उचलले.

"माझा खाणीला पाठिंबा आहे."

हात तसेच राहिले. मागून एक म्हातारे ओरडले, "आवशीच्या जेवणात माती कालवतस रे!"

"काका, चाकणात बारा तास उभा असतो मी," समीर म्हणाला. "तापाने पडलो तर पाणी द्यायला पार्टनरची शिफ्ट सुटायला लागते. मला घरी यायचंय. इथे दुसरं काम द्या, आत्ता खाली बसतो."

मग मावशी उठली. माईक धरायची तिला सवय नव्हती, समीरनेच तो तिच्या तोंडाशी धरला.

"ह्यो माझो झील. तो घराक येवचो म्हणान मी रोज वाट बघतंय. तरी माका खाण नको." मग साहेबांकडे वळून, "लिवन घेवा."

त्या दुपारी तिने तिसऱ्यांचं सुकं केलं. समीरने दोनदा मागून घेतलं. तिने वाढलं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती.

चिखलीला परतून बरेच दिवस झाले. खाणीचा निर्णय अजून आलेला नाही. खाडी वाचावी असं मला वाटतं, पण ते म्हणायला मला तिथे राहावं लागत नाही, आणि समीरसारखं इथे बारा तास उभंही राहावं लागत नाही. तरी खाडीच्या बाजूने मंत्रालयाला पत्र लिहिलं, मावशीने सांगितलेलं सगळं त्यात घातलं, तिचं नाव न घेता. टाकण्याआधी समीरला दाखवायलाच हवं होतं. तो शिफ्टला निघाला होता, डबा हातात. उभ्यानेच वाचलं.

"पाठव," म्हणाला. दोन पावलं जाऊन थांबला. "आईचं पूर्ण नाव घाल. नुसतं 'एक महिला' नको."