कानातला कापूस

टीव्हीचा आवाज जरा वाढला की आमच्या शेजारच्या अक्का भिंतीवर लाटणं आपटतात. त्यामुळे जळगावातल्या आमच्या कॉलनीच्या छोट्या हॉलमध्ये मेटल बँड आला, तेव्हा कानांत कापूस घालून पहिल्या रांगेत बसलेल्या अक्का पाहून मला धडकीच भरली. गायक डरकाळ्या फोडत होता, एकजण पत्र्याचा डबा बडवत होता. "हे कसलं संगीत?" म्हणत सेक्रेटरी मेन स्विचकडे निघाले. अक्का आधी पोचल्या आणि स्विचला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"कानबाई देवीनी मिरवणूकमा अंगमा ईसन बाया अश्याच घुमतस, तवय बंद करस का रे भाऊ?"

"अक्का, तुम्हाला आवडतंय हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नही. पन वाजाडू दे."

शेवटचं गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. कापूसही काढला नाही.