उणे चाळीस गुण

पदवी झाल्यावर मी किन्हवलीहून बसने मुरबाडला प्रोग्रामिंगच्या क्लासला जायची. सर हुशार होते. पोरांना हसवायची त्यांना आवड होती आणि त्यासाठी रोज कोणीतरी लागायचं.

एका दिवशी त्यांना मी सापडले. 'विद्यार्थी' नावाचा क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला माहितीचा साचा, लिहायचा होता, त्यात नाव, वय आणि गुण. मी तिन्ही पब्लिक ठेवले, म्हणजे बाहेरच्या कुठल्याही कोडला त्यात हवं ते भरता येणार. सरांनी माझा प्रोग्रॅम मोठ्या पडद्यावर लावला. नावाच्या जागी माझं नाव टाकलं, वय सत्तर, गुण उणे चाळीस.

"चालला बघा! एका शब्दाने अडवलं नाही," सर म्हणाले. "हिच्याकडे कोणीही यावं, काहीही करून जावं. सगळं उघडंच."

पोरं बाकं बडवून हसली. मुलीसुद्धा. मग सरांनी नीट शिकवलं, आणि खरंच छान शिकवलं. गुण प्रायव्हेट करायचे, बाहेर फक्त प्रॉपर्टी ठेवायची, म्हणजे त्या गुणांपर्यंत जायचं राखणीचं दार. वाचायला गेट, बदलायला सेट. सेटमध्ये अट घालायची की शून्याखालचं, शंभरावरचं घ्यायचं नाही. तोवर माझं नाव पडद्यावर तसंच होतं.

घरी बाबांना म्हटलं, "मी नाय जाणार उद्यापासून."

"का गो? मारलं काय कोणी?"

"नाय."

"मग?"

मी वही काढून प्रॉपर्टी लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी प्रॉपर्टी लिहून नेली. सरांनी पुन्हा उणे गुण टाकून पाहिले, प्रोग्रॅमने नाकारले. मला वाटलं, सुटले.

"कोणाशी गोड बोलून लिहून घेतलंस?" सर म्हणाले.

आदल्या दिवसापेक्षा जास्त हशा झाला. मी बसून राहिले. उठले असते तर सगळ्यांच्या मधून जावं लागलं असतं.

पुढे कोर्स संपेपर्यंत पोरं मला 'पब्लिक' म्हणायची. स्टँडवर, भरल्या जीपमध्येही. गावातल्या एका काकूंनी विचारलं, "तुला असं का गो हाक मारतात?" अभ्यासातला शब्द आहे, असं मी सांगितलं. नंतर त्यांच्या मुलीने माझ्या शेजारी बसणं सोडलं.

आता मी कल्याणला नोकरी करते. कामात प्रॉपर्टी रोजच लिहावी लागते. मध्यंतरी सर मुरबाड स्टँडवर भेटले, सोबत बायको होती. "ही माझ्या हाताखाली तयार झाली," त्यांनी तिला कौतुकाने सांगितलं. मी नमस्कार केला आणि गाडी लागली म्हणून निघाले. गाडी लागली नव्हती.