होडीच्या तळाचं बूच

आमच्या घरात गॅसचे दोन बाटले. एक स्वयंपाकघरात, दुसरा होडीत. घरातल्या बाटल्यावर हुकूम सासूबाईंचा, होडीतल्यावर सासऱ्यांचा, आणि दोन्हींबद्दल नसत्या चौकशा करायचा हक्क माझा. तो मला कुणी दिला नव्हता, मीच घेतला होता.

मी माहेरची तळा गावची. गाव डोंगरातलं, समुद्र पाहायचा तर एस्टीनं जायचं. लग्न होऊन मुरुडजवळच्या या कोळीवाड्यात आले तेव्हा मला समुद्रापेक्षा नवल वाटलं ते होडीवरच्या स्वयंपाकाचं. खलाशी चार-चार दिवस पाण्यावर राहतात, म्हणजे त्यांना भात-कालवण लागणार हे उघड आहे. पण होडी हलते तेव्हा कालवण सांडत कसं नाही? "सांडतं की," नवरा म्हणाला. मग त्यानं मला शेगडीभोवतीचा लोखंडी कठडा दाखवला, टोप त्यात अडकवून ठेवायचा. त्या दिवशी मी होडीत अर्धा तास बसले आणि शेगडीपासून बाटल्यापर्यंत सगळं हात लावून पाहिलं. सासूबाई किनाऱ्यावरून ओरडत होत्या, "बाय, मासं पकडाला जातंस का काय?"

पावसाळ्यात मासेमारी बंद होते. होडी वाळूत ओढून घेतात, वर ताडपत्री घट्ट बांधतात. जाळी घरी येतात, बॅटरी घरी येते, दोरखंड घरी येतात. आमच्या होडीचा बाटला मात्र घरी येत नसे. सासरे होडीचे तांडेल, पाण्यावर आणि घरात दोन्हीकडे शब्द त्यांचा. ते म्हणायचे, "होडीची चूल घरात आनली का होडी उपाशी ऱ्हाते." म्हणून बाटला होडीच्या पोटातच राहायचा, तळाशी, जुन्या जाळ्यात गुंडाळून आडवा. उभा ठेवला तर कलंडेल, हा हिशेब. तोंडावरची प्लास्टिकची टोपी कधीच समुद्रात पडून गेली होती. तिच्याशिवाय कुणाचं काही अडलं नव्हतं.

आणि त्यांची आणखी एक रीत होती, अख्ख्या वाड्यात फक्त आमच्या घराची. नारळी पौर्णिमेला बाकीचे लोक आधी ताडपत्री काढतात, मग होडीची पूजा करतात. सासरे आधी ताडपत्रीखाली शिरून होडीच्या तळाशी दिवा लावायचे, आणि तो लागल्यावरच ताडपत्री निघायची. "निजलेल्या मान्साची चादर खसकन वढतात का? आधी उजेड दाखवाचा." मला ही रीत फार आवडायची. अजूनही आवडते. रीत वाईट नव्हती, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे.

त्या वर्षी श्रावण लागायच्या सुमारास गॅसवाल्यांकडून एक बाई आल्या, देवळाच्या मंडपात बायकांना माहिती द्यायला. आम्ही पंधरा-वीस जणी. निम्म्या जणी चहासाठी आल्या होत्या. बाईंनी साबणाचा फेस करून रेग्युलेटरला लावून दाखवला. गळत असेल तर बुडबुडे येतात, काडी पेटवून कधी बघायचं नाही. बाटला उभा ठेवायचा, मोकळ्या हवेत ठेवायचा, वापरात नसेल तर टोपी लावायची. माना डोलल्या. मी विचारलं, "गळलेला गॅस जातो कुठं?"

बाईंना बरं वाटलं असावं, कारण त्या खुर्चीतून उठल्या. "खाली," त्या म्हणाल्या. "हवेपेक्षा जड असतो तो. पाण्यासारखा उतार शोधतो. खोलगट जागा मिळाली की तिथं साचून बसतो." मी आणखी विचारलं, तेव्हा कळलं की या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो घाण वास मुद्दाम मिसळतात, गळती कळावी म्हणून. गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तसा! मला ही गोष्ट इतकी आवडली की मी घरी येऊन ती तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा कुणी ऐकलं नाही.

पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. घंटा वाजली तरी ऐकू यायला हवी ना? आमच्या अंगणात बोंबील सुकवायच्या दोऱ्यांच्या वलांडी, वाळूत जवळा पसरलेला, पलीकडे होडीला नवा रंग आणि टर्पेंटाइन. माहेरचे लोक आले की दारातच नाकाला रुमाल लावतात, आणि आम्हाला काही जाणवतही नाही. अशा ठिकाणी वासाची राखण काय कामाची?

त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. घरात गॅस गळला तर निदान दारातून बाहेर जाईल. होडीला दार नाही. होडी म्हणजे पाणी आत येऊ नये आणि आतलं बाहेर जाऊ नये म्हणून केलेली वस्तू. गॅसनं खोलगट जागा शोधायची ठरवली तर याहून चांगली त्याला मिळणार कुठं?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाटला बंद हाय. रेग्युलेटर काढलाय. झोप आता." पण मी त्याच्याकडून एक गोष्ट काढून घेतली. किनाऱ्यावर असताना होडीच्या तळाचं लाकडी बूच काढून ठेवतात, ताडपत्रीतून झिरपलेलं पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. झालं! मी रोज सकाळी होडीखाली वाकून त्या भोकाशी नाक नेऊ लागले. कुबट पाण्याचा वास, बस्स. शेजारणींना करमणूक झाली. सासूबाई म्हणाल्या, "मांजर पन इतका हुंगत न्हाय गो." मला राग आला नाही, थोडी लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी नवरा आणि दीर ताडपत्रीचं एक टोक उचलून आत गेले. तळ घासला, बाटला या कडेचा त्या कडेला लोटला, आतून रंग दिला. बाहेर येऊन बूच ठोकून बसवलं, कारण सणाला होडी पाण्यात जायची होती. ताडपत्री पुन्हा बांधली. माझी हुंगायची जागा बंद झाली.

सणाच्या सकाळी आम्ही सगळे होडीपाशी जमलो. सासरे नव्या बंडीत, लाल टोपी, एका हातात तेल-वातीची पणती, दुसऱ्यात काडेपेटी. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होते ते. आणि मी बोलले. ठरवून बोलले असं म्हणता येणार नाही, तोंडातून निघालं. "बाबा, काडी ओढू नका. आधी बूच काढू द्या."

वाड्यातल्या सगळ्यांसमोर सुनेनं तांडेलाला अडवलं. नवऱ्यानं खाली वाळूकडे पाहिलं. सासरे वळले. "माझ्या बापान हितंच दिवा लावला. त्याच्या बापान लावला. तू कोन बूच काढनारी?"

"त्यांच्या वेळी होडीत चूल लाकडाची होती," मी म्हटलं. "बाटला नव्हता."

मला वाटतं, हे सासऱ्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं, माझ्याही त्या क्षणापर्यंत नव्हतं. चूल बदलली आणि रीत तशीच राहिली, आणि दोघींची गाठ कुणी घालून पाहिली नाही. नवरा बहुधा मला गप्प करायला म्हणूनच होडीखाली सरकला आणि लाकडी ठोकळ्यानं बूच सैल केलं. बूच निघालं. मी गुडघ्यांवर बसून तोंड वाळूजवळ नेलं.

वास आला. नव्या रंगातून, बोंबलांतून, सगळ्यातून आरपार. नवऱ्यानंही घेतला आणि झटकन मागे झाला.

आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वास आला तेव्हा मला आनंद झाला. भीती नाही, आनंद. माझं बरोबर निघालं! बाईंनी सांगितलं तसंच, खाली, उतार शोधत, थेट माझ्या नाकापर्यंत. शिडीवर काडेपेटी घेऊन उभा असलेला माणूस त्या दोन-तीन श्वासांपुरता माझ्या डोक्यातच नव्हता.

मग नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू. "बाबा, खाली या. काडेपेटी खिशात ठेवा." तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तेव्हा मी मान वर करून शिडीकडे पाहिलं.

सासरे उतरले. दुखऱ्या गुडघ्यांनी वाळूत वाकले, भोकाशी नाक नेलं आणि बराच वेळ तसेच राहिले. आजूबाजूच्या होड्यांवरच्या उदबत्त्या लोकांनी आपणहून विझवल्या, विडीवाले लांब गेले. दिरानं आणि नवऱ्यानं ताडपत्री पूर्ण काढली, पण आत कुणी उतरलं नाही. वारा येऊ दिला. बूच उघडंच ठेवलं. गॅसवाल्यांना फोन करायचा तोही, ठिणगी नको म्हणून, नवरा नारळीच्या बागेपर्यंत जाऊन करून आला. त्यांचा माणूस दुपारी आला, बाटला उभा करून वर काढला, लांब मोकळ्या वाळूत नेला आणि फेस लावला. तोंडातून बुडबुडे येत होते. आतला रबरी वायसर चिरला होता. टोपी असती तर गॅस तिथंच अडला असता, असं तो म्हणाला आणि निघून गेला.

तोवर मुहूर्त टळला होता. वाड्यातल्या बाकीच्या होड्या सजून पाण्यात गेल्या, नारळ वाहिले गेले, बायका गाणी म्हणत परत आल्या. आमची एकटी होडी वाळूत, उघडी. सासरे पुन्हा पणती घेऊन तिच्यापाशी आले. काडेपेटी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"लावू का गो आता?"

चाळीस वर्षं ज्यांनी वाऱ्याला, पाण्याला, खलाशांना, कुणालाच कधी विचारलं नाही, ते मला विचारत होते. आणि मला, जिला सकाळी सगळं माहीत होतं, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी होडीखाली वाकले. वास नव्हता. पुन्हा वाकले. नव्हता. तरी तोंडातून 'लावा' निघेना. माझं चुकलं तर काय होईल ते आता मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, त्या पांढऱ्या मिशांवर, नव्या बंडीवर.

"अजून थोडं थांबा, बाबा," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

"बरा," ते म्हणाले. पणती बाजूला ठेवली आणि वाळूत मांडी घालून बसले.